मूळ संचाचा आग्रह : एक प्रतिवाद

रॉक बँडमधील संस्थापक सभासद एकेक करून गेले, कोणाला मृत्यूने नेले, कोणी भांडून बाहेर पडले, कोणी निव्वळ कंटाळले, आणि त्यांच्या जागी नवे गायक व नवे वादक येऊन उभे राहिले, तर त्या बँडला अस्सल म्हणावे काय, हा प्रश्न लंडन-न्यूयॉर्कच्या रसिकांनी आपसांत सोडवावा असा वरकरणी वाटेल; परंतु गारगोटीसारख्या तालुक्याच्या गावीसुद्धा, जेथे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्यांतून हे संगीत मोबाईलवर मध्यरात्र उलटेपर्यंत चालू असते, त्याचा निकाल चहाच्या टेबलावर मोठ्या हिरिरीने दिला जातो, आणि तो निकाल जवळजवळ नेहमी एकाच बाजूने लागतो. मूळ माणसे गेली, नाव तेवढे उरले, आता जे चालले आहे तो गल्ल्याचा व्यवहार आहे, असे त्या निकालपत्राचे सार असते. हेच मत जरा वडीलधाऱ्या पेहरावात आपल्या नाट्यरसिकांतही नांदते. जाहिरातीत ‘मूळ संचात’ हे शब्द दिसले की तिकीट काढायचे आणि ‘बदली’ कलाकार असल्याची कुणकुण लागली की नाक मुरडायचे, ही आपली जुनी वहिवाट आहे. हे मत सर्वस्वी निराधार आहे असे मी म्हणत नाही. पण ते ज्या कसोटीवर उभे आहे ती कसोटीच खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचा पुरावा शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही, तो आपल्या कोल्हापूरच्या दप्तरातच पडलेला आहे, एवढे माझे म्हणणे आहे.

प्रतिपक्षाची कैफियत मात्र तिच्या सर्वांत बळकट स्वरूपात ऐकून घेतली पाहिजे. पहिला मुद्दा असा की, गळा आणि हात या व्यक्तीच्या वस्तू आहेत. कचेरीतील अव्वल कारकून बदलला तरी कारकुनी तीच राहते, पण गाणारा बदलला की गाणेच बदलते. दुसरा असा की, संस्थेचे नाव म्हणजे संस्थापकांनी श्रोत्यांशी केलेला एक अलिखित करार असून, ज्यांनी तो केला ते निघून गेल्यावर त्या कराराच्या बळावर तिकिटे विकण्याचा अधिकार मागाहून आलेल्यांना पोहोचत नाही. तिसरा, आणि रॉक संगीताच्या बाबतीत सर्वांत जड मुद्दा असा की, या संगीतात गाणारेच बहुधा गाणे लिहितात, स्वतःच्या आयुष्यातील संताप, प्रेम आणि पराभव त्यात ओततात; म्हणून एकाचे आत्मकथन दुसऱ्याने म्हणणे ही नक्कल होते, मग तो दुसरा कितीही सुरेल असो. या तिन्ही मुद्द्यांत सत्याचा अंश आहे. परंतु अंशावरून पूर्णाचा निर्णय करण्याची घाई झाली की कशी फसगत होते, हे आपल्या रंगभूमीच्या इतिहासाइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतला’च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग पुण्यास ३१ ऑक्टोबर १८८० रोजी केला, तेव्हा शकुंतलेची भूमिका शंकरराव मुजुमदारांकडे होती. मूळ संचाचा आग्रह त्या काळी प्रमाण मानला असता तर महाराष्ट्राने शकुंतला म्हणून मुजुमदारांनाच शेवटपर्यंत पाहिले असते. परंतु दोन वर्षांच्या आतच बडोद्याकडून भाऊराव कोल्हटकर आले आणि नायिकेची जागा त्यांच्याकडे गेली. ज्यांच्या गळ्याची कीर्ती पुढे ‘किर्लोस्करी’ या विशेषणाशीच एकजीव झाली, ते भाऊराव त्या अर्थाने ‘बदली’ कलाकार होते. विलायतेतही हेच घडले. १९६२ च्या ऑगस्टात बीटल्सनी आपला जुना ढोलवादक पीट बेस्ट यास दूर करून रिंगो स्टार यास घेतले, आणि त्यानंतरच त्यांची पहिली गाजलेली तबकडी निघाली. आज ज्या चार चेहऱ्यांना जग मूळ बीटल्स म्हणून ओळखते, त्यांतला एक चेहरा मुळात नव्हताच. तेव्हा मूळ संच हा पुष्कळदा प्रारंभीचा संच नसतो. यशाच्या क्षणी जो संच रंगमंचावर होता, त्यालाच स्मृती मागाहून ‘मूळ’ अशी सनद देऊन टाकते.

पण भाऊराव आले तेव्हा अण्णासाहेब हयात होते, संस्थापकाच्या डोळ्यांदेखत झालेला बदल हा संस्थापकाचाच निर्णय, असे प्रतिपक्ष म्हणेल. म्हणून पुढचे पाहू. अण्णासाहेब १८८५ मध्ये ‘रामराज्यवियोग’ अपुरे टाकून निवर्तले. त्यांची किर्लोस्कर मंडळी तेथेच मोडली असती तर संस्थापकाची स्मृती निष्कलंक राहिली असती, यात शंका नाही. परंतु मग श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘वीरतनय’ १८९६ मध्ये कोणी रंगमंचावर आणले असते, आणि देवलांच्या ‘शारदे’ला १८९९ मध्ये इंदुरास कोणी उभे केले असते? १९०१ मध्ये भाऊरावही गेले. तरीही मंडळी चालली, १९०५ मध्ये तिच्यात नारायण राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हा तरुण दाखल झाला, आणि १२ मार्च १९११ रोजी मुंबईस खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला. बालगंधर्वांचा जन्म १८८८ चा आहे, म्हणजे अण्णासाहेब जाऊन अडीच वर्षे उलटून गेली होती. संस्थापकाच्या मृत्यूसमयी जो जन्मलाही नव्हता त्याने त्या संस्थेचे नाव महाराष्ट्राच्या घराघरात नेले, या एका गोष्टीपुढे ‘संस्थापक गेले की संस्था खोटी’ हा सिद्धांत कसा टिकावा, हे त्याच्या पुरस्कर्त्यांनीच सांगावे.

किर्लोस्करांच्या बाबतीत नाव व्यक्तीचे असल्यामुळे त्याला वारसाचे एक वलय होते, असे कोणी म्हणेल. म्हणून आता ज्या उदाहरणावर माझा सर्वांत अधिक भर आहे त्याकडे वळतो. कोल्हापूरचे केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा. बालवयातच ते स्वदेशहितचिंतक मंडळीत शारदेची भूमिका करून नावारूपाला आले, आणि १ जानेवारी १९०८ रोजी, वयाची अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, त्यांनी हुबळीस ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी काढली. त्यांच्या तेजस्वी, चढ्या गळ्याविषयी ऐकलेल्यांनी लिहून ठेवलेले पुष्कळ आहे, आणि त्यातून एक गोष्ट निर्विवादपणे दिसते की, ललितकलादर्श म्हणजे केशवराव हे समीकरण त्या काळच्या रसिकाच्या मनात पक्के झालेले होते. मामा वरेरकरांचे ‘संन्याशाचा संसार’ १९१९ मध्ये याच मंडळीने केले, म्हणजे केवळ गाण्याच्या बळावर न राहता समकालीन सामाजिक नाटकाला आपल्या मंचावर स्थान देण्याचा बाणा संस्थापकाच्या हयातीतच दिसू लागला होता. पुढे टाकलेले हे पाऊल वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण पुढच्या युक्तिवादाचा सारा भार त्यावर आहे.

८ जुलै १९२१ या दिवशी टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले; केशवराव नायक धैर्यधर आणि बालगंधर्व नायिका भामिनी. मराठी रंगभूमीच्या आठवणींत या प्रयोगाला जवळजवळ दैवी स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. पण मूळ संचाच्या कसोटीने त्या रात्रीची तपासणी केली तर काय निष्पन्न होते? नाटक किर्लोस्कर मंडळीने प्रथम केलेले, आणि मंचावर किर्लोस्कर मंडळी नाहीच. बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या आहेत. भामिनी पहिल्या प्रयोगातलीच आहे, परंतु धैर्यधर नाही. पहिला धैर्यधर नानासाहेब जोगळेकरांचा, ते १९११ मध्येच वारले, त्या नाटकाच्या चाली ज्यांनी बांधल्या ते आमच्या कोल्हापूरचेच गोविंदराव टेंबे पुढे गंधर्व मंडळीत स्वतः धैर्यधर म्हणून उभे राहिले, आणि आता त्या जागी केशवराव आहेत. इतकेच नव्हे, तर त्याच धैर्यधराच्या पदांना दीनानाथ मंगेशकरांनी बलवंत संगीत मंडळीत आपल्या ढंगाच्या चाली दिल्या, आणि आज सामान्य श्रोता ती पदे मनात आणतो तेव्हा बहुधा त्याच ढंगाने आणतो. चार धैर्यधर, आणि चौघांचा धैर्यधर निराळा. यांतील अस्सल कोणता, असा प्रश्न करणाऱ्यास त्या पिढीतील जाणत्या श्रोत्याने अरसिक ठरवले असते, कारण अस्सलपणाचा प्रश्न त्यांच्या लेखी भूमिकेशी आणि गाण्याशी होता, हजेरीपटाशी नव्हता.

त्या प्रयोगानंतर तीन महिनेही पुरते उलटले नाहीत तोच ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवराव विषमज्वराने गेले. एकतिसाव्या वर्षी. ललितकलादर्शचा प्राण गेला, आता मंडळी मोडणार, असा त्या वेळी कोणी अंदाज केला असेल तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु मंडळीतील नट बापूराव पेंढारकर यांनी कारभार हाती घेतला आणि पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ रंगमंचावर आणले. येथे क्षणभर थांबून बापूरावांच्या समोर कोणते दोन मार्ग होते ते पाहण्यासारखे आहे. पहिला मार्ग सोपा होता : केशवरावांची गाजलेली नाटके, केशवरावांच्या चालींसह, केशवरावांच्या नावाचा उच्चार करीत गावोगाव करीत राहायचे आणि सहानुभूतीचे उत्पन्न जमा करायचे. दुसरा मार्ग असा की, केशवरावांनी ज्या दिशेने पाऊल टाकले होते त्या दिशेने आणखी पुढे जायचे, मग त्यात केशवरावांच्या चाहत्यांचा रोष पत्करावा लागला तरी चालेल. बापूरावांनी दुसरा मार्ग धरला. गांधीयुगाचे वारे अंगावर घेणारे नवे नाटक, रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या कसलेल्या गवयाचे संगीत, पु. श्री. काळ्यांच्या कुंचल्याने घडवलेले वास्तवदर्शी नेपथ्य, असा तो सगळा मांड होता. ‘तुरुंगाच्या दारात’ १९२३ मध्ये आले, ‘सोन्याचा कळस’ १९३२ मध्ये. यांतील एकही नाटक संस्थापकाने पाहिलेले नाही. तरीही ललितकलादर्शचा इतिहास लिहावयास बसणारा कोणीही ही नाटके वगळून तो लिहू शकणार नाही.

१९३७ मध्ये बापूराव वारले, आणि मंडळी बंद पडली. १९४२ मध्ये त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी ‘सत्तेचे गुलाम’ घेऊनच ती पुन्हा उभी केली. भालचंद्रांचा जन्म २५ नोव्हेंबर १९२१ चा. केशवरावांच्या मृत्यूनंतर सात आठवड्यांनी हे मूल जगात आले, म्हणजे संस्थापकाचा एक सूरही प्रत्यक्ष त्यांच्या कानी पडणे शक्य नव्हते. प्रतिपक्षाच्या हिशेबाने १९४२ ची ललितकलादर्श म्हणजे निव्वळ फलक होय. पण या ‘फलका’खाली १९५७ मध्ये ‘दुरितांचे तिमिर जावो’ झाले, १९६० मध्ये विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ झाले, आणि बोलपटाने व पुढे गद्य नाटकाने जवळजवळ मोडीत काढलेल्या संगीत नाटकाला नव्या पिढीचा प्रेक्षक मिळाला. याखेरीज भालचंद्रांनी जुन्या-नव्या नाटकांची ध्वनिमुद्रणे स्वतः करून जपून ठेवली. ज्या संगीत नाटकांचा आवाज काळाच्या पोटात कायमचा गडप झाला असता, त्यांतील कितीतरी आवाज त्या फितींमुळे उरले. जो मूळ संचात कधीच नव्हता त्यानेच मूळ संचाच्या परंपरेचे दप्तर सांभाळले, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

याच्या उलट बाजूचे उदाहरणही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे, नाहीतर हा प्रतिवाद वकिली ठरेल. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. या मंडळीचे नावच मुळी एका गळ्याचे होते, आणि ज्या संस्थेचे नाव एका व्यक्तीच्या गुणाचे असते तिच्यातून ती व्यक्ती वजा केली की बाकी काही उरत नाही, हे मला मान्य आहे. गंधर्वाविना गंधर्व मंडळी ही विसंगतीच होय. परंतु याच उदाहरणाचा उत्तरार्ध प्रतिपक्षाच्या विरुद्ध जातो. पुढील काळात बालगंधर्व स्वतः मंचावर होते, नाव तेच होते, पदे तीच होती, आणि तरीही उतरत्या वयातील त्या प्रयोगांना जाणाऱ्या चाहत्यांना समोर दिसणाऱ्या गंधर्वांच्या जागी स्मरणातले गंधर्व बसवून घ्यावे लागत. माझ्या मनात त्या थोर कलावंताविषयी यत्किंचितही अनादर नाही. परंतु मूळ व्यक्ती हजर असणे एवढ्यानेच अस्सलपणाची हमी मिळत असती, तर प्रेक्षकावर असे स्मरणाचे श्रम करण्याची पाळी का आली असती?

आता रॉक संगीताकडे येऊ, कारण मूळ वाद त्याचा आहे, आणि तिसरा मुद्दा, आत्मकथनाचा, अजून उत्तराची वाट पाहत आहे. फ्लीटवुड मॅक हा बँड १९६७ मध्ये लंडनला पीटर ग्रीन या असामान्य गिटारवादकाने उभा केला. तो १९७० मध्ये बाहेर पडला, त्यानंतर किती आले नि किती गेले, आणि १९७५ च्या प्रारंभी लिंडसी बकिंगहॅम व स्टीव्ही निक्स हे दोन अमेरिकन तरुण त्यात दाखल झाले. १९७७ च्या ‘रूमर्स’ या तबकडीच्या कोट्यवधी प्रती खपल्या, आणि तिच्यातील गाणी ही बँडमधील माणसांच्या परस्परांतील प्रेमभंगांतून, त्याच वेळी चाललेल्या ताटातुटींतून निघालेली होती. म्हणजे आत्मकथन होते, आणि ते पुरेपूर होते. फक्त ते संस्थापकाचे नव्हते, मागाहून आलेल्यांचे होते. नव्या सभासदाने जुन्याची व्यथा उसनी घेऊन गायली तर ती नक्कल होईल हे खरे, परंतु नवा सभासद स्वतःची व्यथा घेऊन आला आणि बँडने तिला जागा दिली, तर आत्मकथनाच्याच न्यायाने ते गाणे अस्सल ठरते. रॉक संगीतातील तिसरा मुद्दा हा सभासद बदलण्याविरुद्धचा पुरावा नसून नवनिर्मितीच्या बाजूचा पुरावा आहे, हे प्रतिपक्षाच्या लक्षात आलेले दिसत नाही.

त्याच बँडच्या इतिहासातील दुसरे प्रकरण मात्र प्रतिपक्षाच्या उपयोगाचे आहे, आणि ते मी दडवून ठेवणार नाही. १९७४ मध्ये त्यांच्या व्यवस्थापकाने, नावावर आपलीच मालकी आहे असा दावा करून, भलत्याच वादकांचा एक संच जमवला आणि त्यालाच फ्लीटवुड मॅक म्हणून अमेरिकेच्या दौऱ्यावर पाठवले. लोक खवळले, प्रयोग बंद पडले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि नाव अखेर खऱ्या वादकांकडे राहिले. हा तोतया होता, याविषयी कोणाचेही दुमत असू नये. पण तो तोतया का ठरला? त्यात नवी माणसे होती म्हणून नव्हे. वर्षभरातच खऱ्या बँडमध्येही नवी माणसे आली आणि त्यांना कोणी तोतया म्हटले नाही. त्या संचाला जुन्या वादकांची तालीम नव्हती, संमती नव्हती, त्यांच्या खांद्याला खांदा लावून घालवलेला काळ नव्हता, आणि मुख्य म्हणजे श्रोत्यांपासून सत्य लपवलेले होते. बदल आणि फसवणूक या दोन गोष्टी एकाच कलमाखाली घालण्याची चूक येथे होते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या तोतयाने पुण्याच्या दरबाराला वर्षानुवर्षे हैराण केले, म्हणून त्यानंतर गादीवर बसलेला प्रत्येक पेशवा तोतया ठरत नाही.

मुंबईच्याच एका बँडचा दाखला याहून बोलका आहे. १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने निघालेल्या या बँडने १९९३ मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ घेतले, कारण परकीय नमुन्यांच्या मागे धावणे सोडून आपल्या मातीशी नाते सांगावे असे त्यांना वाटू लागले होते; १९९७ मध्ये तो विसर्जित झाला, आणि २०१० मध्ये महेश तिनईकरांसह जुन्या मंडळींनी काही नवे वादक घेऊन तो पुन्हा उभा केला. या बँडने एकदा माणसे राखून नाव बदलले, आणि दुसऱ्यांदा नाव राखून माणसे बदलली. यांतील कोणत्या वेळी तो अस्सल राहिला नाही, याचे उत्तर नावावरून निघत नाही आणि माणसांच्या मोजणीवरूनही निघत नाही. पुनरुज्जीवनानंतर दोन वर्षांत त्यांनी नव्या गाण्यांची तबकडी काढली, आणि माझ्या दृष्टीने उत्तर तेथे आहे.

ते उत्तर नीट मांडायचे तर आमच्या शेतकऱ्याच्या परिचयाचा एक कागद पुरेसा आहे. सात-बाराच्या उताऱ्यावर सातात जमिनीचा कब्जा कोणाचा हे लिहिलेले असते आणि बारात त्या वर्षी रानात कोणते पीक होते त्याची नोंद असते. वारसाने फेरफार झाला, सातातील नाव बदलले, म्हणून रान खोटे होत नाही. पण सातात आजोबांचे नाव दिमाखाने झळकत असताना बारात वर्षानुवर्षे ‘पडीक’ असा शेरा असेल, तर त्या नावाला चावडीवर कोणी मान देत नाही. रॉक बँडचे, नाटक मंडळीचे, भजनी मंडळाचे असेच आहे. संस्थापक गेले की फेरफार होणारच. पाहायचे ते पीक. ज्यांचे पाचही मूळ सभासद धडधाकट आहेत आणि जे तीस वर्षांपूर्वीच्याच दहा गाण्यांवर, त्याच क्रमाने, त्याच लकबींनी, दौऱ्यामागून दौरे काढीत आहेत, अशा बँडला अस्सल म्हणण्याचे मला कारण दिसत नाही. तो स्वतःचीच बदली करीत आहे.

यावर शेवटचा आक्षेप असा येईल की, रसिकाला जुनेच हवे असते, त्याच्या भावनेला काही मोल आहे की नाही. अवश्य आहे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, शाहू महाराजांच्या काळात उभे राहिलेले कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, तेव्हा ते जसे होते तसेच पुन्हा उभे करा, अशी मागणी कोल्हापूरकरांनी केली, आणि ती रास्त होती. वास्तू ही जशीच्या तशी उभारता येते आणि उभारावी. परंतु त्या वास्तूत जी कला नांदते तिच्याकडून जशाच्या तशा असण्याची अपेक्षा करणे म्हणजे तिलाही दगडविटांच्या हिशेबात धरणे होय. पुन्हा उभ्या राहणाऱ्या त्या मंचावर १९२१ चेच ‘मानापमान’ जसेच्या तसे व्हावे, असे केशवरावांच्या निस्सीम भक्तालाही वाटणार नाही. आणि तसे कोणी करू गेलाच, तर तो आदरांजलीचा कार्यक्रम होईल, ललितकलादर्शची परंपरा होणार नाही. क्वीन या बँडने हा भेद ओळखला आहे. फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेल्यावर उरलेल्यांनी नव्या गायकांबरोबर प्रयोग केले ते ‘क्वीन’ या नावापुढे त्या त्या गायकाचे नाव जोडून. श्रोत्याला आपण काय ऐकण्यास आलो आहोत हे दारावरच कळते. त्यांच्या अशा प्रयोगांत जुन्या गाण्यांचाच भरणा असतो, म्हणून मी त्यास जिवंत परंपरा म्हणणार नाही, परंतु फसवणूकही म्हणणार नाही; ते सचोटीने केलेले स्मरण आहे, आणि त्यालाही जगात जागा आहे.

गारगोटीच्या लोकांना हे सारे इतके अपरिचित असण्याचे खरे तर कारण नाही. ज्या मौनी विद्यापीठाच्या आवारात आमची मुले शिकतात ते १९४७ मध्ये डॉ. जे. पी. नाईकांसारख्या द्रष्ट्यांनी उभे केले. ते द्रष्टे आज नाहीत, आणि तरीही तेथील पदवीला कोणी तोतया म्हणत नाही. वेदगंगेच्या काठच्या गावोगावी भजनी मंडळे आहेत. पखवाज वाजवणारा गेला की त्याच्या हाताखाली तयार झालेला पोरगा पुढे बसतो, आणि एकादशीला मंडळाचे नाव तेच राहते. शाळा आणि भजन यांच्याबाबत आपण जो विवेक सहज दाखवतो, तो गिटार आणि ढोल यांच्याबाबत एकाएकी का हरपावा? परदेशी वस्तूकडे पाहताना तिच्या वेष्टनाची शुद्धता तपासायची आणि घरच्या वस्तूकडे पाहताना तिचा गुण तपासायचा, अशी दोन मापे बाळगणे हे रसिकतेला शोभत नाही.

तात्पर्य, मूळ सभासदांची संख्या हा अस्सलपणाचा पुरावा नाही. फार तर तो वयाचा दाखला आहे. नवीन आलेल्यांनी जुन्यांच्या हाताखाली किंवा त्यांच्या कृतींच्या सहवासात तालीम घेतली आहे काय, नव्या नावांची कबुली उघडपणे दिली आहे काय, आणि संस्थापकाने कधी ऐकले नव्हते असे, तरीही त्याच्या दिशेने जाणारे काही त्यांनी निर्माण केले आहे काय, एवढेच श्रोत्याने विचारावे, आणि यांतील तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी असेल तर पहिल्या संचातील एकही माणूस मंचावर नसला तरी त्या संस्थेला तिचे नाव निःशंकपणे वापरू द्यावे. आयोजकांना माझी विनंती इतकीच आहे की, जाहिरातीवर ‘मूळ संच’ असे मोघम न छापता आज प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावे ठळक अक्षरांत छापावीत. आणि महाविद्यालयातील माझ्या तरुण मित्रांना विनंती अशी की, पुढच्या वेळी एखाद्या आवडत्या बँडचा निकाल द्यायला बसाल, तेव्हा त्याची जुनी गाणी बाजूला ठेवा, सर्वांत अलीकडचे गाणे आधी पूर्ण ऐका, आणि मगच निकाल द्या.